तिच्या कागदावर मानलेले आभार

हे मी बरी झाल्यावर लिहिते आहे. बरी म्हणजे, पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे आणि तोवर डॉक्टरांनी शाळेत जायला परवानगी दिली आहे, एवढी बरी. आमच्या शाळेतल्या दोघीतिघी शिक्षिका म्हणाल्या, "बाई, तुमचा अनुभव लिहा, आजारी माणसांना धीर येईल." मी विश्वासाने आजार कसा सोसला ते लिहीन, असं त्यांना वाटतंय. मी लिहिणार आहे ते तसं नाही. तरी धीर येईलच, कारण वाचणाऱ्याला निदान कळेल की आपल्यापेक्षा वाईट वागलेली बाईसुद्धा अजून दोन वेळा जेवते आहे.

मी सुमन गावित. नंदुरबारच्या प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग शिकवते. माझे यजमान सॅम्युएल एस.टी. डेपोत मेकॅनिक आहेत, मुलगा सुरतला नोकरीला. आम्ही मूळचे नवापूर तालुक्यातले. तिथल्या बाजारात "ओ गावित" अशी हाक मारली तर निम्मा बाजार मागे वळून बघतो. हे आडनाव लक्षात ठेवा, पुढे सगळा घोटाळा त्यानेच केला. नाही, चुकलं. घोटाळा आडनावाने सुरू केला, वाढवला मी.

कारण सांगा

दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची घरोघरी प्रार्थना असते. ती चालवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. प्रार्थनेच्या शेवटी प्रत्येकीने त्या आठवड्यातलं आभाराचं एक कारण सांगायचं, अशी आमची पद्धत. मी त्यात शाळेची शिस्त आणली. कोणी गप्प बसली की मी तिच्याकडे वर्गात बघते तशी बघायचे आणि म्हणायचे, "कारण सांगा."

मार्थाबाईंचे यजमान वारले, त्यानंतर तिसऱ्या शुक्रवारी त्या प्रार्थनेला आल्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्या काही बोलेनात. मी सोडलं नाही. म्हटलं, "सुखात कोणीही आभार मानतं मार्थाबाई, दुःखात मानले तर ते खरे. कारण सांगा." त्यांनी सतरंजीची निघालेली दशी आत खोचली. मग म्हणाल्या, "आज नळाला पाणी आलं होतं."

"बघा, सापडलं की नाही!" मी म्हणाले. दोघीचौघी हसल्या. मला तेव्हा वाटलं, मी त्यांना फार मोठा आधार दिला.

बाकावर दोघी

गाठ मला अंघोळ करताना लागली, उजव्या स्तनात. महिनाभर कोणाला बोलले नाही. मग सॅम्युएलना सांगितलं आणि ते मला दुसऱ्याच दिवशी गावातल्या एका दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, तुकडा काढून सुरतला तपासणीला पाठवू.

त्या दिवशी कंपाउंडरने पुकारा केला, "सुमन गावित कोन शे?" आणि बाकावरून दोघी उठल्या. मी आणि माझ्या शेजारची बाई.

"दोन्ही? आरे देवा! नवरानं नाव सांगा."

"सॅम्युएल," मी म्हणाले.

"सखाराम," ती म्हणाली.

"दोन्ही एस!" त्याने कपाळावर हात मारला आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर 'सुमन एस. गावित' असं लिहिलं.

आम्ही दोघी हसायला लागलो. तिचं माहेर आमच्याकडचं, पण सासर तापीकाठी, सारंगखेड्याजवळच्या खेड्यात. नवराबायको दोघं पपईच्या मळ्यात कामाला. चाळिशीची असेल, माझ्याहून सात वर्षांनी लहान. भीती वाटत होती म्हणून ती सारखी बोलत होती.

"ताई, आपलं दोन्हीस्नं नाव सारखंच, गाठ बी सारखीच. फक्त तुन्ही उजवी, मन्ही डावी."

"तुला कोणी पाठवलं?" मी विचारलं.

"मन्ही पोरगी, ज्योती. नर्सिंगना कॉलेजमा शे, पहिला वरीस. तीच मांगे लागनी, माय, दखाडी ये."

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे. नंतर मला असं म्हणता येऊ नये की दुसरी सुमन गावित कोण, ते मला ठाऊक नव्हतं.

लेफ्ट

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर बाहेरगावी होते. कंपाउंडरने पाकीट हातात दिलं. "बाई, काहीच नही, साधी गाठ शे. पेढा वाटा. सर सोमवारले येतीन, त्यासले कागद दखाडी जा."

दवाखान्याच्या पायरीवरच सॅम्युएलनी डोळे पुसले आणि फोन काढला. मुलाला कळवलं, पाळकसाहेबांना कळवलं. आम्ही घरी पोचेपर्यंत महिला संघाच्या ग्रुपवर येत्या रविवारी आमच्याकडून आभारप्रदर्शनाची उपासना आणि नंतर जेवण, असं जाहीर झालं होतं. सॅम्युएल बोकड ठरवायला गेले. मी पंखा लावून बसले आणि कागद वाचला.

त्यावर वय चाळीस होतं. मी सत्तेचाळीसची. म्हटलं असू दे, वय तर माझं आधार कार्डावरही चुकलेलं आहे. मग पुढची ओळ वाचली. लेफ्ट.

मी पहिलीच्या मुलांना डावा-उजवा शिकवते. इंग्रजी चौथ्या यत्तेपर्यंतचं शिकवते. लेफ्ट म्हणजे काय, याबद्दल माझी गफलत होण्यासारखी नव्हती. मी तो शब्द तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा मला बाकावरची ती आठवली. "तुन्ही उजवी, मन्ही डावी."

मी काय केलं ते आता लिहायचं आहे, आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप. मी कागदाची घडी घातली, कपाटात साड्यांखाली ठेवली आणि गुडघे टेकले. "प्रभू, यात चूक असेल तर ती चूकच राहू दे." एवढीच प्रार्थना केली. तिचा अर्थ मला नीट कळत होता. माझ्या पाकिटात तिचा कागद होता, म्हणजे तिच्या पाकिटात माझा असणार. त्यात आजार लिहिलेला असेल तर तो तिच्याकडेच राहू दे, असंच मी देवाकडे मागत होते.

रविवारी शंभर माणसं जेवली. मी पुढे उभी राहून साक्ष दिली, आणि मला बोलायची सवय असल्याने चांगली दिली. देवाने मला मरणाच्या दारातून परत आणलं, असं म्हणाले. मंडळी प्रत्येक वाक्याला "आमेन" म्हणत होती. बोलता बोलता माझा हात आपोआप उजव्या छातीकडे गेला. गाठ तिथेच होती.

एकोणीस दिवस

सोमवारी डॉक्टरांकडे गेलेच नाही. सॅम्युएलनी विचारलं तेव्हा म्हणाले, "दाखवून आले, सगळं ठीक आहे." आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्या दिवसांत मी कधी नव्हे इतके आभार मानले. जेवताना, शाळेत जाताना, भांडी घासताना. तोंड थांबलं की तो शब्द कानात यायचा, म्हणून थांबतच नव्हते. शुक्रवारी बायकांना कारणं विचारली. माझी पाळी आली तेव्हा "चांगलं आरोग्य" म्हणाले.

उन्हाळा लागला होता, शाळा सकाळची होती. एकोणिसाव्या दिवशी मी वर्गात म्हटलं, "डावा हात वर करा." सगळ्यांनी केला. एका मुलीने मात्र उजवा वर केला.

"चुकलीस ग. डावा-उजवा चुकवायचा नसतो, त्याने मोठेपणी..." आणि पुढे मला बोलताच येईना. मुलं हात वर धरून बसली होती. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "बाई, हात खाली करू?"

शाळा सुटल्यावर तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी कागद बघितला, माझी फाईल उघडली आणि ते खुर्चीतून उठले. जुनी चिठ्ठी काढली, सुरतला फोन लावला. मग मला म्हणाले, "बाई, तुम्ही हे वाचलं नव्हतं का?"

"इंग्रजी नीट कळत नाही, सर," मी म्हणाले. बावीस वर्षं शिकवणारी शिक्षिका.

त्या खुर्चीत डॉक्टरांनी मला सांगितलं की मला कर्करोग आहे. आजारपणाच्या पुस्तकांत हा दिवस फार मोठा असतो. माझा नव्हता. मला ते मनातून एकोणीस दिवस ठाऊक होतं. पहिल्यांदा कळल्याचं नाटक केलं, एवढंच.

हिरवा मांडव

तिचा फोन लागत नव्हता. डॉक्टरांनी खरा कागद आणि एक चिठ्ठी दिली. सॅम्युएलनी डेपोतून सुट्टी घेतली, आणि बायकोला कर्करोग आहे असं ऐकून अर्धा तास झाला नसताना तो माणूस मला मोटारसायकलवर बसवून सारंगखेड्याकडे निघाला. "दवाखानानी चूक शे, पन सांगनं आपलंच काम," म्हणाले. मी मागे बसून त्यांचा सदरा धरून होते.

तिच्या घरापुढे मांडव होता. वरचा पाला अजून हिरवा होता. ती धावत बाहेर आली, दोन्ही हात हळदीने पिवळे.

"या ताई, या! तुम्हीन उशीर करा, लगीन काल व्हई गयं."

"कोणाचं?"

"ज्योतीनं. मन्हं तर ठरेलच शे ना ताई. दवाखानावाला बोलनात, मोठा दवाखानामा जा. मी म्हनं, आते जाईसन काय करू? ज्योतीले कागदबी दखाडा नही. कॉलेजमाईन काढी लिधी, चांगलं घर व्हतं, दी दिधी. आते मरानं टेन्शन नही."

ती हसत सांगत होती. चेहरा उतरून अर्धा झाला होता. सॅम्युएलनी कागद पुढे केला. "ताई, कागद बदलायेल व्हतात. तुमले काहीच नही. साधी गाठ शे."

ती खाली बसली, मांडवातल्या त्या शेणाने सारवलेल्या जमिनीवरच. मला वाटलं, आता ही मुलीचं नाव घेऊन हंबरडा फोडेल. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"मंग तुले?"

मी "हो" म्हणून मान हलवली. ती उठली, माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली, माझ्यासाठी. "सोताले असं व्हईसनबी तू इतली दूर मले सांगाले उनी? तुन्हा देवनं तुले चांगलं मन देयेल शे."

तिची हळद माझ्या हातांना लागली. तेव्हा सांगायला हवं होतं. मी गप्प राहिले, आणि सॅम्युएलना माझा अभिमान वाटताना दिसत होता.

सुरत

ऑपरेशन आणि केमो सुरतला झाली. पहाटेच्या गाडीने जायचं, स्टेशनावर मुलगा घ्यायला यायचा, दिवसभर खुर्चीत बसून सलाईन, मग परत. वॉर्डातल्या गुजराती सिस्टर सगळ्यांना "बेन" म्हणत. हाताची शीर सापडली नाही की त्याच माझी माफी मागत, आणि मला ते सहन होत नसे.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना सांगते, भीती कायम एकसारखी नसते. खुर्चीत बसल्यावर कमी होते, आदल्या दिवशी पिशवी भरताना जास्त. तोंडाला धातूची चव येते. वास सहन होत नाहीत. सॅम्युएलच्या हातांना डेपोच्या ग्रीसचा वास येतो, सव्वीस वर्षं येतोय, आणि मला त्यानेच उलटी व्हायची. त्यांना कळलं तेव्हापासून ते कामावरून आल्यावर आधी मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धूत आणि मगच माझ्या खोलीत येत. कधी बोलून दाखवलं नाही.

आभार मात्र मला मानता येईनात. लोकांना वाटलं, आजाराने विश्वास ढळला. तसं नव्हतं. देव ऐकतो यावर माझा पक्का विश्वास होता, तीच तर अडचण होती. त्याने ती साड्यांच्या कपाटापुढची प्रार्थनाही ऐकलेली होती.

शुक्रवारच्या बायका यायच्या, गाणी म्हणायच्या. मार्थाबाई शुक्रवारी येत नसत. त्या पाण्याच्या दिवशी येत. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं. त्या येऊन हंडे, पिंप, बादल्या भरून ठेवत आणि पदराला हात पुसून जात. प्रार्थना नाही, उपदेश नाही. एकदा जाताना म्हणाल्या, "आज धार बरी होती." मी भिंतीकडे तोंड करून पुष्कळ रडले.

आणि ती सुमन यायची. दर केमोनंतर, सारंगखेड्याहून एस.टी.ने, पिवळ्या कापडी पिशवीत दोन पपया घेऊन. "खाय ताई, पपईघाई रक्त वाढस." स्वतः चिरून द्यायची. ज्योतीचं विचारलं तर म्हणायची, "बरी शे. शहादाकडे दिधी. पुस्तकं मातर मन्हाकडेच पडेल शेतस." पपई हे एकच फळ माझ्या पोटात टिकत होतं. मी ते तिच्या हातून खात होते.

सांगितलं

चौथ्या केमोनंतर ती आली तेव्हा सॅम्युएल बाहेरच्या खोलीत होते. तिने पपईची फोड पुढे केली आणि मी ती घेतली नाही.

"सुमन, मले ठाऊक व्हतं. कागद उना त्याच दिनले. त्यावर डावी बाजू लिखेल व्हती. मी वाचं, आनि गप बसनू."

तिला आधी कळलंच नाही. मग तिने सुरी ताटात ठेवली.

"कितला दिन?"

"एकोणीस."

ती बोटांवर मोजत होती. तिला मोजायची गरज नव्हती, मी कधीच मोजलं होतं. ज्योतीचं लग्न अठराव्या दिवशी लागलं.

"आनि गिरजामा जेवन देयेल, ते?" शुक्रवारच्या बायकांकडून तिने ते ऐकलं होतं.

"आभार मानात."

"मन्हा कागदवर?" ती म्हणाली. "मन्हा कागदवर तू आभार मानात?"

ती आवाज चढवून बोलली नाही. उठली, चपला घातल्या आणि गेली. पिवळी पिशवी तशीच राहिली.

सॅम्युएल दारात उभे होते. "मी बोकड कापला," ते म्हणाले. "शंभर माणसांना माझ्या हाताने वाढलं. आणि तुला ठाऊक होतं." पुढचे चार दिवस ते माझ्याशी फक्त गोळ्यांच्या वेळी बोलले. हात मात्र आधी धूतच होते.

दुसरी साक्ष

उपचार संपले तेव्हा पाळकसाहेब घरी आले. "बाई, आता खऱ्या आभाराची उपासना ठेवू."

मी नको म्हटलं. मग म्हटलं, ठेवा, पण जेवण नाही. रविवारी त्याच जागी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. लेफ्ट, साड्यांचं कपाट, प्रार्थना, मांडव. आमच्या मंडळीला दर वाक्याला "आमेन" म्हणायची सवय. त्या दिवशी कोणालाच कुठे म्हणावं ते कळेना. पाळकसाहेबांनी खाकरून, आभाराची कारणं कोणाला सांगायची आहेत का, असं विचारलं.

मार्थाबाई उठल्या. "बाई आज खरं बोलल्या," त्या म्हणाल्या. "हे माझं कारण." आणि खाली बसल्या.

शुक्रवारची प्रार्थना आता त्याच चालवतात. कोणालाही कारण विचारत नाहीत. मला विचाराल तर, आभार मानायचं मी सोडलेलं नाही. चांगल्या दिवसांत मानावेत, वाईट दिवसांतही मानावेत. पण आधी हातातला कागद कोणाचा आहे ते बघावं. आणि आजारी माणसाकडून ते वदवून घेऊ नयेत. त्याच्या घरी जाऊन पाणी भरावं.

पिशवी

पिवळी पिशवी धुऊन, घडी घालून ठेवली होती. अंगात प्रवासाइतकी ताकद आल्यावर मी ती घेऊन सारंगखेड्याला गेले. एकटीच, एस.टी.ने. ती मळ्याच्या बांधावर भेटली. पिशवी घेतली, मला बसायला सांगितलं नाही.

"बरी व्हयनी?"

"हो."

"चांगलं व्हयनं." तिने पिशवीची घडी उलगडली, पुन्हा घातली. मी माफी मागायला तोंड उघडलं तशी तिने हात वर केला. "मले नको सांगू. मले तू सांगं, मी ऐकं. मन्ही पोरगीले आजूनबी वाटस, मायनी घाई करी. ती मन्हासंगे नीट बोलत नही. तिले जाईसन सांग."

मग ती घरात गेली आणि पिशवी भरून आणली. त्यात पपया नव्हत्या. ज्योतीची नर्सिंगची पुस्तकं होती.

तिथून शहाद्याची बस धरली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या आणि पिशवी मांडीवर जड लागत होती. मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. पाय उचलायची ताकद दिलीस त्याबद्दल आभार, एवढंच सुचलं. बऱ्याच महिन्यांनी ते सुचलं होतं, आणि या वेळी ते माझंच होतं.

घर विचारत विचारत सापडलं. दार एका मुलीने उघडलं. आईसारखंच कपाळ, डोक्यावर पदर, हात पिठाचे. तिची नजर आधी त्या पिवळ्या पिशवीवर गेली, मग माझ्यावर.

"कोन पाहिजे?"

"ज्योती, माझं नाव सुमन गावित," मी म्हणाले.

ती गोंधळून किंचित हसली. "मन्ही मायनं नाव बी हाईच शे."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. "तेच सांगायला आले आहे."